पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधन आणि त्याचे प्रकाशन

पशुवैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकाकडे तीन कामे असतात. तो वर्गात शिकवतो, महाविद्यालयाच्या दवाखान्यात जनावरे तपासतो आणि संशोधन करतो. पहिली दोन पगाराबरोबर येतात, तिसऱ्याला बढती चिकटलेली असते. या विद्याशाखेचा अडीचशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहिला, तर तिचे टिकाऊ संशोधन बहुतेक वेळा दुसऱ्या कामातून, म्हणजे दारात आणलेल्या आजारी किंवा मेलेल्या जनावरातून, निघालेले दिसते. ते संशोधन जगाच्या उपयोगी पडले की कपाटात राहिले, हे मात्र ते कोठे, केव्हा आणि कोणासाठी छापले गेले यावर ठरत आले. शोध लावणे ही एक कर्तबगारी आणि तो वेळेवर, योग्य ठिकाणी प्रसिद्ध करणे ही दुसरी. दोन्ही एकाच माणसाच्या अंगी असतातच असे नाही.

जगातील पहिले पशुवैद्यकीय विद्यालय फ्रान्समधील ल्याँ येथे क्लोद बुर्जेला याने काढले. राजाची परवानगी १७६१ मध्ये मिळाली आणि पुढच्या वर्षी वर्ग भरू लागले. त्या काळी बुळकांडी या गुरांच्या साथरोगाने युरोपातील गोठे रिकामे होत होते. सरकारने पैसा दिला तो या धास्तीने. बुर्जेला शिक्षणाने वकील आणि ल्याँच्या अश्वारोहण अकादमीचा प्रमुख होता. घोड्यांच्या वैद्यकावरचा त्याचा ग्रंथ विद्यालयाच्या दहा वर्षे आधीच छापला जाऊ लागला होता, आणि त्या ग्रंथामुळेही त्याचा शब्द दरबारी ऐकला गेला. आधी पुस्तक, मग महाविद्यालय असा हा क्रम आहे. पुढे काही वर्षांतच पॅरिसजवळ आल्फोर येथे दुसरे विद्यालय निघाले आणि एकोणिसाव्या शतकात तूलूझ येथे तिसरे.

या फ्रेंच विद्यालयांतील दोन प्राध्यापकांची हकीकत प्रकाशनाच्या बाबतीत फार बोलकी आहे. ल्याँचा पिएर व्हिक्टर गाल्तिए याने १८७९ मध्ये रेबीजची लागण सशांना करता येते, हे दाखवून दिले. तोवर या रोगाचा अभ्यास पिसाळलेल्या कुत्र्यांवर होत असे. त्यात जीव धोक्यात असे आणि लक्षणे दिसायला किती काळ लागेल याचा नेम नसे. ससा हाताळायला सोपा, आणि त्याच्यात रोग लवकर व बऱ्याच अंशी ठरावीक मुदतीत दिसतो. १८८१ मध्ये गाल्तिएने आणखी एक टिपण पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सादर केले. पिसाळलेल्या जनावराची लाळ मेंढीच्या शिरेत टोचली तर मेंढीला रोग होत नाही, उलट ती पुढच्या लागणीपासून सुरक्षित राहते, असे त्याचे निरीक्षण होते. लुई पाश्चर याने रेबीजवरचे काम पुढे नेले ते सशांच्याच साहाय्याने, आणि १८८५ मध्ये जोझेफ मेस्टर या मुलाला लस टोचली. पाश्चरची कामगिरी यामुळे उणी होत नाही. ससा ते माणूस हे अंतर त्याने कापले. तरीही ज्या पायरीवर तो उभा होता ती एका पशुवैद्यकाच्या अध्यापकाने घातली होती, आणि शालेय पुस्तकांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही.

तूलूझच्या आंरी तूसँ याची गोष्ट याहून खिन्न करणारी आहे. काळपुळी, ज्याला इंग्रजीत अँथ्रॅक्स म्हणतात, त्या रोगाने मेलेल्या जनावराचे रक्त सुमारे ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, आणि नंतर कार्बॉलिक आम्ल वापरून, त्याने मेंढ्यांसाठी लस तयार केली. हे १८८० साली. त्याने आपली कृती मोहोरबंद लिफाफ्यात अकादमीकडे ठेवायला दिली. अग्रहक्क राखण्याचा तो त्या काळचा रिवाज होता, पण गुप्ततेवर टीका झाली आणि काही आठवड्यांतच लिफाफा उघडावा लागला. पुढच्याच वर्षी पाश्चरने पुई-ल-फोर येथे शेतकरी, पशुवैद्य आणि वार्ताहर यांच्यासमोर आपला जाहीर प्रयोग केला आणि तो जगभर गाजला. लोकांची समजूत झाली की त्यात वापरलेली लस हवेतील प्राणवायूने दुर्बल केलेली होती. पाश्चरच्या वह्या नंतर अभ्यासकांच्या हाती आल्या, तेव्हा ती पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाने तयार केल्याचे दिसले. म्हणजे तत्त्वाने ती तूसँच्या रासायनिक वाटेच्या जवळची होती. तूसँ लवकरच मेंदूच्या आजाराने खचला आणि १८९० मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी वारला. त्याच्याकडे प्रयोग होता. प्रयोगशाळा, साहाय्यकांची फळी आणि वार्ताहर पाश्चरकडे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नियतकालिकांनी ही परिस्थिती काहीशी बदलली. एडिंबरो येथे शिकवणारे जॉन मॅकफेडियन यांनी १८८८ मध्ये तौलनिक विकृतिशास्त्राचे त्रैमासिक सुरू केले. ते आजही निघते. पुढे मॅकफेडियन लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि काळपुळीचे जंतू रक्ताच्या काचपट्टीवर ओळखण्याची मेथिलीन ब्ल्यूची जी पद्धत आजही प्रयोगशाळांत वापरली जाते तिला त्यांचेच नाव आहे. प्राध्यापकाने स्वतःच संपादक व्हायचे आणि सहकाऱ्यांना लिहिते करायचे, ही परंपरा त्यांच्यासारख्यांनी रुजवली. तिचा फायदा असा की गावोगावच्या पशुवैद्यांच्या नोंदी एका जागी येऊ लागल्या. तोटा असा की ही नियतकालिके पशुवैद्यच वाचत. माणसांचे डॉक्टर ती उघडत नसत.

या तोट्याची किंमत सांसर्गिक गर्भपाताच्या बाबतीत मोजता येते. कोपनहेगनच्या पशुवैद्यकीय व कृषी महाविद्यालयातील बेर्नहार्ड बांग यांनी गाई गाभडण्यामागचा जंतू शोधून १८९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या दहा वर्षे आधी डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावरच्या सैनिकांमधील दीर्घ तापाचा जंतू शोधला होता. दोन्ही जंतू एकमेकांचे जवळचे नातलग. पण एकाची माहिती गोठ्याच्या पत्रिकांत आणि दुसऱ्याची रुग्णालयाच्या पत्रिकांत पडून राहिली. अमेरिकेच्या कृषी खात्यातील ॲलिस इव्हान्स या संशोधिकेने त्यांचे साम्य १९१८ मध्ये छापून दाखवले आणि कच्चे दूध धोक्याचे आहे असे सांगितले, तेव्हा तिच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. तिच्याकडे डॉक्टरेट नव्हती, आणि ती बाई होती. पुढे तिला स्वतःलाच त्या जंतूची बाधा झाली व ती अनेक वर्षे आजारी राहिली. आज या गटाला ब्रुसेला म्हणतात, आणि दूध तापवूनच प्यावे असे सांगण्यामागच्या कारणांत त्याचा वरचा क्रम आहे.

वेगळ्या दिशेचे उदाहरण कॅनडातील आहे, आणि ते विस्ताराने पाहण्याजोगे आहे. १९२० च्या सुमारास तेथील व अमेरिकेच्या उत्तर भागातील गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली, खच्चीकरण केले, तर जखमेतून रक्त थांबेना. काही जनावरे कसलीही जखम नसताना आतल्या आत रक्तस्राव होऊन मेली. बाहेरून पाहता हा घटसर्प किंवा फऱ्या वाटे आणि त्याच दिशेने उपचार होत. ओंटारिओ व्हेटरनरी कॉलेजमधील विकृतिशास्त्राचे अध्यापक फ्रँक स्कोफील्ड यांना जनावरांत जंतू सापडेना. त्यांनी चाऱ्याकडे पाहिले. गुरांना स्वीट क्लोव्हर नावाच्या वैरणीचा वाळलेला चारा घातला जात होता, आणि पावसाळी हंगामामुळे त्यातील बराच बुरसटलेला होता. स्कोफील्ड यांनी एकाच गंजीतील चांगल्या आणि बुरसटलेल्या काड्या वेगळ्या केल्या आणि वेगवेगळ्या सशांना खाऊ घातल्या. चांगल्या काड्या खाणारा जगला. दुसरा रक्तस्रावाने मेला. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग पशुवैद्यकात क्वचितच दाखवता येतो. त्यांचे निष्कर्ष १९२२ ते १९२४ या काळात पशुवैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. दुसऱ्या लेखाच्या मथळ्यातच हा रोग घटसर्प आणि फऱ्या यांसारखा दिसतो असे म्हटले होते.

पुढची साखळी अनेक हातांची आहे. नॉर्थ डकोटातील एल. एम. रॉडरिक यांनी या जनावरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा घटक कमी पडतो हे दाखवले. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, बुरसटलेला चारा आणि न गोठणारे रक्त भरलेले दुधाचे भांडे घेऊन बर्फाच्या वादळात विद्यापीठात पोहोचला आणि कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिरला. लिंक यांच्या गटाने काही वर्षांच्या खटपटीनंतर त्या चाऱ्यातून डायक्युमरॉल वेगळे काढले. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५० च्या दशकात माणसांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिले जाऊ लागले. हृदयाच्या कृत्रिम झडपा बसवलेले अनेक रुग्ण आजही ते घेतात. गंजीतल्या काड्या निवडण्यापासून हृदयरोग्याच्या गोळीपर्यंत सुमारे तीस वर्षे लागली. १९२४ च्या लेखाला त्या वर्षी कोणत्या मोजपट्टीने किती गुण मिळाले असते, हा प्रश्न या ठिकाणी सहज मनात येतो. (स्कोफील्ड यांचे आणखी एक काम संशोधनाच्या कक्षेबाहेरचे, पण नोंदवण्यासारखे आहे: १९१९ मध्ये कोरियात अध्यापन करत असताना त्यांनी जपानी राजवटीविरुद्धच्या निदर्शनांची आणि दडपशाहीची छायाचित्रे काढून बाहेरच्या जगापर्यंत पोहोचवली. त्यांची कबर सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे.)

युद्धोत्तर काळात महाविद्यालयांतील प्रयोगशाळा मोठ्या झाल्या. ग्लासगोच्या विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांनी वासरांच्या फुप्फुसातील कृमींविरुद्ध, किरणोत्सर्गाने दुर्बल केलेल्या अळ्यांची लस काढली, आणि १९६४ मध्ये मांजरांतील रक्ताच्या कर्करोगामागचा विषाणू दाखवला. १९७८ मध्ये कुत्र्यांमध्ये पार्व्होव्हायरस जगभर पसरला, तेव्हा कॉर्नेल विद्यापीठातील लीलँड कारमायकेल आणि मॅक्स ॲपल यांनी लस तयार केली. शहरातील कुत्रे पाळणाऱ्यांना ही लस आता सवयीची झाली आहे.

भारतात पशुवैद्यकीय शिक्षण आणि संशोधन यांची सुरुवात लष्कराच्या घोड्यांपासून झाली. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे सर्रा हा रोग झालेल्या घोड्यांच्या रक्तात वळवळणारे परजीवी पाहिले आणि रोगाचे कारण तेच असल्याचे लिहिले. वरिष्ठांना ते पटले नाही. १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांत हाच रोग पसरला, तेव्हा तपासणीसाठी जॉन हेन्री स्टील यांना पाठवण्यात आले. त्यांनाही तोच परजीवी दिसला, पण त्यांनी तो मळसूत्री जंतूंच्या गटातला मानला. गट चुकला, तरी अहवाल छापलेला असल्याने नाव टिकले. त्यांनी परजीवीला इव्हान्सचे नाव दिले होते, आणि ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या शास्त्रीय नावाच्या पुढे आजही ‘स्टील, १८८५’ असे लिहिले जाते.

हेच स्टील १८८६ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिले आणि बाई साकरबाई यांच्या नावाने ओळखले जाते. परळचा बैलघोड्याचा दवाखाना तो हाच. भारतात येण्यापूर्वी स्टील लंडनच्या महाविद्यालयात शिकवत, आणि घोड्याच्या शरीररचनेवर व गुरांच्या रोगांवर त्यांची पुस्तके निघाली होती. मुंबईत असताना कुत्र्यांच्या आणि मेंढ्यांच्या रोगांवरची पुस्तके आली. लष्करी पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांच्यासह त्यांनी भारतातील पशुवैद्यकाचे एक त्रैमासिकही चालवले होते. १८९१ मध्ये ते वारले तेव्हा त्यांनी वयाची छत्तिशी जेमतेम गाठली होती. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने त्यांच्या नावाने स्मृतिपदक ठेवले. नवे महाविद्यालय चालवताना, साधनांची टंचाई असताना, इतके लिहून ठेवणारा प्राचार्य नंतर सहजी सापडत नाही.

मुंबईच्या महाविद्यालयाला हा वेग पुढे राखता आला नाही, आणि त्याचे मुख्य कारण सरकारी धोरणात आहे. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. भयंकर रोगांचे जंतू दाट वस्तीत नकोत म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. पुढे तिच्यातूनच भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था आकाराला आली. त्यामुळे कामाची वाटणी पक्की झाली. शोध मुक्तेश्वरला लागायचे, आणि लाहोर, मुंबई, कोलकाता, मद्रास येथील महाविद्यालयांनी खात्यासाठी पदविकाधारक घडवायचे. मुक्तेश्वरने आपली बाजू चोख सांभाळली. १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हापुन्हा काढत दुर्बल केला. त्या शेळी-लसीने भारतातील लाखो गुरे वाचली. नंतर केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी ऊतिसंवर्धनातील लस तयार केली. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला आणि २०११ मध्ये सारे जग. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसराच रोग. एडवर्ड्स यांनीच कोंबड्यांतील एका मारक साथीचे वर्णन केले आणि तिला ज्या गावाचे नाव मिळाले ते राणीखेत. मराठी कुक्कुटपालक तिला मानमोडी म्हणतात.

या वाटणीत महाविद्यालयांतील संशोधन संपले नाही, पण ते अध्यापकाच्या जिद्दीवर अवलंबून राहिले. मद्रास व्हेटरनरी कॉलेजमधील एम. अनंत नारायण राव यांचे काम त्याचा उत्तम दाखला आहे. दक्षिण भारतात काही गुरे नाकाने घोरत, नाकातून शेंबूड व रक्त येई आणि आत फुलकोबीसारखी गाठ दिसे. खेड्यात या दुखण्याला घोरण्याचा रोग म्हणत आणि ते सोडून देत. राव यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस नाकातील शिरांमध्ये राहणारा एक पर्णकृमी शोधून त्याचे वर्णन केले: शिस्टोसोमा नेझेल. तळ्यातल्या गोगलगाईंमधून तो जनावराच्या अंगात शिरतो, ही साखळी पुढे उलगडली. हा रोग भारतीय उपखंडाबाहेर फारसा नाही, म्हणजे एडिंबरोत किंवा आल्फोरला त्यावर कोणी लिहिण्याची शक्यता नव्हती. असा शोध छापायला जागाही तोवर देशात तयार झाली होती. १९२४ मध्ये पी. श्रीनिवास राव यांनी मद्रासहून ‘इंडियन व्हेटरनरी जर्नल’ काढले, आणि १९३१ मध्ये इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चचे नियतकालिक निघाले. आज ते ‘इंडियन जर्नल ऑफ ॲनिमल सायन्सेस’ या नावाने चालते. मद्रासने १९३० च्या दशकाच्या मध्यात पदवी अभ्यासक्रमही सुरू केला. देशातला तो पहिला.

शिंगाचा कर्करोग हाही असाच घरचा विषय. बैल एका बाजूला मान कलती करतो, शिंग खांबाला घासतो, एका नाकपुडीतून रक्त येते आणि काही आठवड्यांत शिंग मुळातून ढिले होते. खच्ची केलेल्या बैलांत हा रोग गाईंपेक्षा बराच जास्त, म्हशींत विरळ. महाराष्ट्र, गुजरात व उत्तर भारतातील महाविद्यालयांतून यावर शल्यक्रियेच्या पद्धती, गाठीपासून बनवलेल्या लसी आणि व्हिंक्रिस्टीनसारखी औषधे यांच्या चाचण्यांचे कितीतरी लेख निघाले. कारणाबद्दल जू घासणे, ऊन, खच्चीकरणामुळे होणारा संप्रेरकांचा बदल अशा अनेक कल्पना मांडल्या गेल्या. यातले बरेच लेख दहा-वीस जनावरांवरचे आहेत आणि एकमेकांशी जोडून पाहता येतील अशा मापांत लिहिलेले नाहीत. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले आणि प्रश्न सुटण्याआधीच रोगी कमी झाले.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये वाढली. महाराष्ट्रात नागपूर १९५८ मध्ये, परभणी १९७२ मध्ये, त्यानंतर उदगीर आणि शिरवळ. ती आधी कृषी विद्यापीठांच्या छत्राखाली होती. २००० मध्ये नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. तामिळनाडूने असे स्वतंत्र विद्यापीठ १९८९ मध्येच काढले होते, देशात पहिले. या काळातील प्राध्यापकांचे सर्वांत उपयोगी लेखन कोणते, याचे उत्तर शोधनिबंधांपेक्षा पाठ्यपुस्तकांत मिळेल. तोवर विद्यार्थी परदेशी पुस्तकांवर शिकत, आणि त्या पुस्तकांतली गाय होल्स्टिन असे, म्हैस तर बहुधा नसेच. १९८२ मध्ये मुंबईच्या वर्गीस प्रकाशनाने काढलेले साने, लुक्तुके, देशपांडे, काईकिणी आणि सहकाऱ्यांचे प्रजननशास्त्रावरील पुस्तक हे या तुटीवरचे एक मराठी मुलखातले उत्तर. इथल्या गाईम्हशींवर काम केलेल्या माणसांनी लिहिलेल्या अशा ग्रंथाचे मोल पशुवैद्यांच्या एका पिढीने जाणले. पाठ्यपुस्तकाला आजच्या गुणमोजणीत फार जागा नाही, ही गोष्ट विचित्र आहे.

संशोधन, प्रकाशन आणि धोरण यांची साखळी सर्वांत स्वच्छ दिसते ती गिधाडांच्या बाबतीत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील गिधाडे झपाट्याने घटल्याचे १९९९ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवले. मेलेल्या पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर दिसत. म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती, पण कशाने? बहुतेकांचा संशय विषाणूवर होता. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील लिंडसे ओक्स यांनी पाकिस्तानातील गिधाडांचे शवविच्छेदन केले. विषाणू, जीवाणू, कीटकनाशके, जड धातू यांपैकी काही सापडेना. मग त्यांनी प्रश्न उलटा केला: गिधाडे खातात ती मेलेली गुरे, तर त्या गुरांना मरण्यापूर्वी कोणती औषधे दिली जातात? पशुवैद्य आणि औषधविक्रेते यांच्याकडे चौकशी केल्यावर डायक्लोफेनॅक समोर आले. ही स्वस्त वेदनाशामक सुई दुखऱ्या गुरांना सर्रास टोचली जात होती. मूत्रपिंड निकामी झालेल्या २५ गिधाडांच्या तपासणीत सर्वांत हे औषध सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ मध्ये एकातही नाही. औषध दिलेल्या जनावराचे मांस गिधाडांना खाऊ घातल्यावर तोच रोग प्रयोगात दिसला. २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये हा लेख आला.

औषध बंद करा, एवढे सांगून भागणार नव्हते. पशुपालकाला पर्याय हवा होता. तो शोधण्याचे काम दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठाच्या ऑन्डरस्टेपुर्ट येथील पशुवैद्यकीय विद्याशाखेत झाले. गेरी स्वान आणि आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्ये छापले, तेही सर्वांना विनामूल्य वाचता येणाऱ्या नियतकालिकात. त्याच वर्षी भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदीचे पाऊल उचलले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला गेला, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांनाही जनावरांसाठी मनाई झाली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले होते. रायगड जिल्ह्यातील म्हसळ्याजवळच्या चिरगावात जी थोडी घरटी राहिली त्यांच्यामागे स्थानिकांचे संरक्षण आहे, आणि गोठ्यातली सुई बदलली हेही आहे. दोन लेखांच्या मधले अंतर दोन वर्षांचे. पशुवैद्यकात इतक्या लवकर निदानातून उपाय निघाल्याची उदाहरणे कमी.

भारतीय महाविद्यालयांतील अलीकडच्या कामांत दोन ठळक. १९८७ मध्ये तामिळनाडूतील अरसूर गावात शेळ्यामेंढ्यांना बुळकांडीसारखा रोग झाला. तपासाअंती तो पीपीआर निघाला, देशातला पहिला नोंदलेला. १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि त्याच गावाच्या विषाणूपासून तामिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने लस तयार केली. दुसरे काश्मीरमधले. शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाच्या शुहामा येथील पशुवैद्यकीय विद्याशाखेत रियाझ अहमद शाह यांच्या गटाने मार्च २०१२ मध्ये पश्मिना शेळीचा क्लोन, ‘नूरी’, जन्माला घातला. पीपीआरच्या लसीचा उपयोग लाखो शेळ्यांना होतो. नूरीचे नाव मात्र अधिक लोकांना ठाऊक आहे.

या यशांच्या शेजारी रोजचे काम ठेवले की चित्र बदलते. पशुवैद्यकीय महाविद्यालयातील बहुतांश शोधनिबंध एम.व्ही.एस्सी.च्या प्रबंधांतून निघतात. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यात प्रत्यक्ष प्रयोगाला मिळतो तो बहुधा एखादाच हंगाम. प्रत्येक गटात सहा जनावरे हा जवळजवळ अलिखित संकेत झाला आहे, मग फरक दिसण्यासाठी साठ लागोत की सहाशे. रोगाचे प्रमाण सांगणारी सर्वेक्षणे दवाखान्यात आणलेल्या जनावरांवर होतात. तिथे आजारीच जनावरे येतात, त्यामुळे गावातले प्रमाण त्यावरून काढता येत नाही, तरी काढले जाते. एखादे औषध चालले नाही, असे सांगणारा लेख सहसा लिहिलाच जात नाही, आणि तोच प्रयोग पुढच्या महाविद्यालयात पुन्हा होतो.

नेमणुका आणि बढत्यांसाठी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांना गुण देते. कमाल २०. मोजणीला काहीतरी आधार हवा, हे खरे. पण गुण नियतकालिकाला मिळतात, लेखाला नाहीत. त्यातून एकच काम तीन तुकड्यांत छापण्याची, विभागप्रमुखाचे नाव आपोआप घालण्याची आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांकडे वळण्याची सवय लागते. याच्या उलट बाजूलाही काही आहे. गुजरातमधील वांकानेरहून २००८ पासून निघणारे ‘व्हेटरनरी वर्ल्ड’ खुले आणि आंतरराष्ट्रीय वाचकांचे नियतकालिक झाले. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या संग्रहात उघडे ठेवले जातात, त्यामुळे पूर्वी ग्रंथालयाच्या एका प्रतीत बंद असलेली शिंगाच्या कर्करोगाची किंवा गोचीड तापाची आकडेवारी आता परभणीतला आणि चेन्नईतला अभ्यासकही वाचू शकतो.

मराठीतील लेखन हा या सगळ्याचा वेगळा कप्पा आहे. ‘ॲग्रोवन’सारख्या दैनिकातील पशुपालनाची पाने, विद्यापीठांच्या घडीपत्रिका आणि आकाशवाणीवरील भाषणे यांचा मोठा भाग महाविद्यालयांतील अध्यापकच लिहितात. लंपी त्वचारोग महाराष्ट्रात पसरला, तेव्हा माश्या व गोचिडांचे नियंत्रण, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना का चालते, दूध पिण्यास धोका आहे का, हे पशुपालकाला कळले ते अशाच मजकुरातून. त्याची शास्त्रीय शिस्त शोधनिबंधापेक्षा कमी असून चालत नाही, कारण चुकीचे वाक्य वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी तरी गाईला औषध पाजतो. बढतीच्या तक्त्यात अशा लेखाला संशोधनपत्रिकेतील लेखाच्या मानाने फार थोडे गुण मिळतात. तरी तो दर आठवड्याला छापून येतो.